इंजिनाला एक गुण

ब्रिटनमध्ये मोटारींची नोंदणी ठेवणारं एक सरकारी खातं आहे. जुन्या गाडीत मालकाने फार ढवळाढवळ केली, तर तिचा मूळ नंबर तिच्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, हे ठरवायला या खात्याने कित्येक वर्षं चक्क गुणपत्रिका वापरली. सांगाडा मूळचा असेल तर ५ गुण. सस्पेन्शनला २, ॲक्सलना २, गिअरबॉक्सला २, स्टिअरिंगला २. आणि इंजिनाला १. एकूण १४, उत्तीर्ण व्हायला ८.

इंजिनाला एक! ज्याच्यासाठी माणसं भर पावसात बोनेट उघडून, हात मागे बांधून उभी राहतात, ज्याचा आवाज लांबून ओळखून एकमेकांकडे बघत माना डोलावतात, त्याची सरकारदरबारी किंमत एवढी.

आमच्या शेजाऱ्यांनी ही गुणपत्रिका वाचली आणि तिचा अर्थ आपल्या सोयीने लावला. इंजिन काढलं तर १३ उरतात. गिअरबॉक्सही काढला तर ११. चौदापैकी अकरा म्हणजे ७८ टक्क्यांच्या वर. आमच्या बोर्डात याला विशेष प्रावीण्य म्हणत.

शेजारी भूगोल शिकवून निवृत्त झालेले. घरात आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. समोर अर्थातच नावाने, कारण या देशात आजोबांच्या वयाच्या माणसालाही नावानेच हाक मारायची असते आणि माझी जीभ अजून तिथे अडखळते. त्यांची गाडी १९७१ची एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, गर्द हिरवी. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डन म्हणून गाव आहे, तिथे एमजीचा कारखाना होता. १९६२ पासून १९८० साली कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. त्यातली ही एक, जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर म्हातारी झालेली.

आई सांगलीहून आमच्याकडे आली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मास्तरांचं गॅरेज दिसतं. साखळीला लटकलेलं इंजिन पाहून तिने विचारलं, "काय झालंय गाडीला?"

"काही नाही."

"चालत नाही का?"

"चालते की. परवाच तर फिरवून आणली त्यांनी."

"मग हे कशाला काढतायत?"

"दुसरं बसवायला."

आई थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांना घरात कुणी काही बोलत नाही का रे?"

बोलत असणार. पण मास्तरांकडे कारणं तयार होती आणि एकेक कारण बिनतोड होतं. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, त्यामुळे जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात. थंडीत चोक ओढून आळवणी करावी लागते. महामार्गावर सत्तर मैलांचा वेग गाठला की शेजारी बसलेल्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. खालच्या फरशीवर तेलाचा एक नकाशा उमटलेला असतो (भूगोलाच्या शिक्षकाने तरी त्याबद्दल तक्रार करू नये, पण केली). हे सगळं खरं. मात्र ही कारणं मास्तरांच्या नोकरीच्या काळातही होती आणि तेव्हा इंजिन जागेवरच होतं. निवृत्तीचा इंजिनावर होणारा परिणाम कुणीतरी अभ्यासायला हवा.

नवं इंजिन भंगारातल्या फोर्ड फोकसमधून आलं. १९८८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, १३० अश्वशक्तीच्या आसपास. जुनं १७९८ सीसीचं, आठ व्हॉल्व्हचं, ओतीव लोखंडाचं. ताकद ९५च्या घरात आणि वजन बघाल तर नव्यापेक्षा जास्त. म्हणजे कागदावर सगळा फायदाच. अडचण एवढीच की फोकसची पुढची चाकं ओढतात, म्हणून तिच्यात इंजिन आडवं बसतं. एमजीबीची मागची चाकं ढकलतात, म्हणून तिच्यात उभं. आडव्याला उभं केलं की त्याच्या मागच्या बाजूचा पाण्याचा नळ थेट केबिनच्या भिंतीत घुसतो. खालचा तेलाचा टप पुढच्या आडव्या तुळईवर आपटतो. हवा एका बाजूने आत येते, धूर दुसऱ्या बाजूने जातो आणि यातली एक बाजू स्टिअरिंगच्या दांड्याने आधीच अडवलेली असते. कार्ब्युरेटरला तीन पौंडांच्या दाबाने पेट्रोल पुरायचं, इंजेक्शनला तीन बार लागतात, म्हणजे चौदापट. मग नवा पंप, नव्या नळ्या, टाकीत नवी सोय. शिवाय या इंजिनाला मेंदू आहे आणि तो मेंदू आपली किल्ली ओळखल्याशिवाय ठिणगी टाकत नाही. किल्ली कुठे? भंगारात चेपलेल्या फोकसबरोबर गेली. तेव्हा मेंदूही दुसरा.

हे सगळं सुटलं. कसं ते सांगत बसत नाही, कारण या प्रश्नांची उत्तरं विकत मिळतात. ब्रिटनमध्ये जुन्या गाडीत नवं इंजिन घालणाऱ्यांची संख्या एवढी आहे की उथळ टप, वाकडा नळ, कोरा मेंदू हे सगळं खोक्यात घालून घरपोच येतं. मास्तरीणबाईंनी दारात सह्या केल्या. इंजिन बसलं, किल्ली फिरवताच सुरू झालं, गल्लीतल्या चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकायला गेले आणि आतून असा आवाज आला की समोरच्या घरातलं कुत्रं सोफ्याखाली गेलं.

इथे घोडं पेंड खातं.

क्लचचं काम तसं ऐकायला साधं. इंजिन फिरत असतं, चाकं थांबलेली असतात. दोघांना जोडायचं आणि गिअर बदलताना क्षणभर वेगळं करायचं. एमजीबीत हे काम पहिल्यापासून तेलावर चालतं. पायाखाली एक छोटा सिलिंडर, त्याला मास्टर म्हणतात. पायाने दट्ट्या ढकलला की तेल नळीतून खाली जातं, गिअरबॉक्सच्या अंगावर बसवलेल्या दुसऱ्या सिलिंडरचा दट्ट्या बाहेर येतो, तो एका काट्याला रेटतो आणि काटा बेअरिंगला. बेअरिंग म्हणजे तरी काय, कार्बनची एक चकती. ती झिजली तर इंजिन बाहेर काढल्याशिवाय बदलता येत नाही. त्या काळच्या अभियंत्यांना मालकाच्या कंबरेबद्दल फारशी आस्था नव्हती.

आता मास्तरांच्या गाडीत काय झालं बघा. पायातलं पेडल १९७१च्या एमजीबीचं. इंजिन फोकसचं. गिअरबॉक्स या दोघांपैकी कुणाचाच नाही; तो १९८०च्या दशकातल्या फोर्ड सिएराचा, पाच गिअरांचा, कारण फोकसचा आडवा गिअरबॉक्स इथे निरुपयोगी आणि एमजीबीचा जुना नव्या इंजिनाला जुळत नाही. सिएराचा क्लच तेलावर नव्हे, तारेवर चालायचा. म्हणजे तीन गाड्या, तीन दशकं, तीन वेगळ्या कंपूंतले अभियंते. आयुष्यात एकमेकांचं तोंड न पाहिलेले. तिघांच्या जमिनी जिथे भिडतात तो बांध म्हणजे क्लच. आणि भांडण बांधावरच होतं, हे सांगली जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

क्लच प्लेटच बघा. तिचा बाहेरचा घेर फोकसच्या फ्लायव्हीलला बसायला हवा आणि मधले दाते सिएराच्या दांड्यावर सरकायला हवेत: एक इंचाचा दांडा, तेवीस दाते. अशी प्लेट सहज हाताशी येत नाही; ती जमवावी लागते. तार तर गेलीच. तिच्या जागी गोल, कड्यासारखा सिलिंडर आला. हा गिअरबॉक्सच्या तोंडाशी, दांड्याभोवती बसतो. काटा नाही, दांडी नाही. तेल आलं की कडं स्वतःच पुढे सरकून बेअरिंग रेटतं. दिसायला फार सुबक. दोष एकच: तो आत असतो. त्यातून थेंबभर तेल गळलं तरी इंजिन पुन्हा साखळीला.

पायातल्या सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला तर साधारण ७ घनसेंटीमीटर तेल ढकललं जातं. चहाचा दीड चमचा! एवढ्या तेलात खालचं कडं जेमतेम सात-आठ मिलिमीटर पुढे सरकणार. कमी सरकलं तर क्लच सुटत नाही आणि गिअर दात खातो. जास्त सरकलं तर कड्याचा दट्ट्या सिलिंडर सोडून बाहेरच येतो, सील फुटतं आणि सगळं तेल क्लच प्लेटवर. मोठा मास्टर सिलिंडर घातला तर तेल भरपूर, पण पेडल इतकं जड की गुडघा बोलायला लागतो. लहान घातला तर पेडल लोण्यासारखं आणि उपयोग शून्य. त्यात प्लेट जसजशी झिजते तसतशी क्लचची बोटं बेअरिंगकडे सरकत येतात, म्हणून नवं असताना मध्ये काही मिलिमीटर फट मुद्दाम सोडायची. ती फट मोजायची कशी? गिअरबॉक्स जोडल्यावर आत दिसत नाही. जोडण्याआधी दोन्हीकडची खोली मोजून वजाबाकी करायची. म्हणजे १३० घोड्यांची गाडी चालणार की नाही हे तिसरीतल्या वजाबाकीवर ठरणार.

या काळात मी मास्तरांची भाषा शिकलो. "किंचित गंमत झाली आहे," म्हणजे ब्रेक ऑइल नव्या रंगावर सांडलं आणि हिरव्याखालचा पत्रा दिसू लागला. क्लचमध्ये तेच तेल असतं आणि ते रंग खातं. "थोडीशी अडचण आहे," म्हणजे इंजिन पुन्हा बाहेर. आणि काहीच न बोलता ते चहा ठेवायला निघून गेले, की आपण घरी जावं.

सील बसलं, फट बरोबर आली, तर हवा निघेना. तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला की पाय बुडबुड्याला दाबत बसतो, क्लच जागचा हलत नाही. एमजीबीचा क्लच मुळात या बाबतीत हट्टी, त्यात नवं कडं. मला पेडलवर बसवलं गेलं. खालून आवाज यायचा: दाबा. धरा. सोडा. दाबा. धरा. सोडा. मी विचारलं, "काही फरक?" खालून उत्तर आलं, "हवामान छान आहे आज." शेवटी माझी बायको, जी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, कुंपणावरून म्हणाली, "वरून ढकलताय कशाला? हवा वर जाते ना? खालून भरा." आणि औषधाच्या दुकानातून साठ मिलिलिटरची सिरिंज आणून दिली. मास्तरांनी खालच्या तोंडातून सावकाश तेल चढवलं. वरच्या डबीत बुडबुडे आले, एकामागून एक, पेडल टणक झालं. या पद्धतीला या धंद्यात स्वतंत्र नाव आहे, पुस्तकात तिच्यावर परिच्छेद आहेत. मास्तरांनी मात्र पुढे तिचा उल्लेख नेहमी 'नर्सबाईंची पद्धत' असाच केला.

आणि एवढं गणित, एवढे सिलिंडर बदलून झाल्यावर उपाय काय निघाला? मूळचाच पाऊण इंची मास्टर पुन्हा बसवला आणि पेडलच्या खाली फरशीत एक बोल्ट ठोकला, म्हणजे पाय ठरावीक जागेपुढे जाणारच नाही. गल्लीतल्या गॅरेजातल्या कुठल्याही मिस्त्रीने पहिल्याच दिवशी हेच केलं असतं आणि वर तंबाखू मळली असती.

मास्तर या वाटेवरचे पहिले प्रवासी नव्हेत. केन कॉस्टेलो नावाच्या गृहस्थांनी १९७०च्या सुमाराला एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन घालून विकायला सुरुवात केली. ते इंजिन तरी मूळचं रोव्हरचं कुठे होतं? अमेरिकेतल्या ब्यूइकने बनवलं, कंटाळून सोडलं आणि रोव्हरने ते घेतलं. ॲल्युमिनियमचं असल्यामुळे दुप्पट सिलिंडर असूनही लोखंडी इंजिनापेक्षा फारसं जड भरलं नाही. कॉस्टेलोंच्या गाड्या खपताहेत हे पाहून कंपनीलाही जाग आली आणि १९७३च्या ऑगस्टमध्ये तिने स्वतःची व्ही-८ बाजारात आणली. दोनच महिन्यांनी अरब देशांनी तेल रोखलं. मुहूर्त असा साधावा. १९७६पर्यंत २,५९१ गाड्या निघाल्या आणि प्रकरण संपलं.

त्याच्या आधीची सनबीम टायगर तर मला मनापासून आवडते. १९६४ साली रूट्स कंपनीने अल्पाइन नावाच्या गोंडस गाडीत फोर्डचं व्ही-८ कोंबलं. नाकापेक्षा मोती जड. रंगवून तयार झालेल्या सांगाड्यांची भिंत हातोड्याने ठोकून आत सारायला लागायची, आणि एका स्पार्क प्लगला हात पोचेना म्हणून केबिनच्या बाजूने भिंतीला भोक ठेवून त्याला रबरी बूच लावलेलं. पुढे क्रायस्लरने रूट्स ताब्यात घेतली. आपल्या गाडीत प्रतिस्पर्ध्याचं इंजिन धडधडतंय हे क्रायस्लरला कसं खपावं? स्वतःचं घालावं तर मापात बसणारं एकही नव्हतं. १९६७ साली टायगर बंद.

आपल्याकडे हा खेळ उलटा खेळला गेला. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ साली स्टँडर्ड २००० आणली. अंग रोव्हरचं, १९७०च्या दशकातलं, भलतं देखणं. आणि पोटात १९४०च्या दशकातल्या व्हॅनगार्डचं इंजिन. इथे लोक जुन्या गाडीत नवं इंजिन घालत होते, आम्ही नव्या गाडीत जुनं घालून शोरूममध्ये उभी केली. तीन-चार वर्षांत तिचा कारभार आटोपला. काँटेसाचंही तेच: व्हॉक्सहॉलचं रुंद अंग आणि आत अँबॅसिडरचं दीड लिटरचं इंजिन. तिला पुढे इसुझूचं इंजिन आणि पाचवा गिअर मिळाला, तेव्हा कुठे तिचं वागणं तिच्या दिसण्याला शोभू लागलं.

मास्तरांची गाडी पुण्यात असती तर मात्र पंचाईत होती. २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, पण ती मूळ रूपात हवी, मोठी उलथापालथ केलेली चालत नाही. तिथे एक गुण, दोन गुण अशी भानगड नाही.

गावच्या मैदानावर दर उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. मास्तरांनी गाडी नेली. मी शेजारी बसलो होतो; सत्तर मैलांच्या वेगाला आम्ही चक्क बोललो. मैदानावर बोनेट उघडलं आणि थोड्याच वेळात चौकड्यांची टोपी घातलेले एक गृहस्थ आले. हातात सुट्या भागांचा छापील कॅटलॉग. बराच वेळ आत पाहून म्हणाले, "ही एमजी नव्हे."

मास्तर वर्गात उभे राहावेत तसे उभे राहिले. म्हणाले, एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. १९२०च्या दशकात सेसिल किंबर यांनी ऑक्सफर्डमध्ये मॉरिसच्या साध्या गाड्यांवर खेळकर अंगं चढवली आणि त्यातून एमजी जन्माला आली. एमजीबीचं तुमचं ते पवित्र इंजिन ऑस्टिन आणि मॉरिसच्या घरगुती गाड्यांत आणि मालवाहू व्हॅनमध्येही होतं. आणि समोर ती ट्रायम्फ टीआर-२ उभी आहे ना, तिच्या इंजिनाचं सख्खं भावंड फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्ये नांगरट करत होतं.

मला राहवेना. मी सांगितलं की एमजीबीच्याच इंजिनाच्या कुळातलं १४८९ सीसीचं इंजिन आमच्या अँबॅसिडरमध्ये होतं. दट्ट्याची चाल दोघांचीही ८९ मिलिमीटर, फक्त व्यास वेगळा. आमच्याकडे साखर कारखान्याचे चेअरमन, कलेक्टर आणि लग्नाला निघालेली नऊ माणसं याच इंजिनावर ओढली गेली. टोपीवाल्यांना ही माहिती आवडल्याचं दिसलं नाही. ते कॅटलॉग मिटून निघाले. चार पावलं जाऊन परत आले.

"जुनं इंजिन फेकलं तर नाही ना?"

"छे. ताडपत्रीखाली आहे." हे खरं होतं. इंजिन बदलणारा प्रत्येक माणूस जुनं ताडपत्रीखाली ठेवतो आणि 'काहीही कापलेलं नाही, मनात आलं की परत बसवता येईल' असं सांगतो. मास्तरीणबाईंच्या पायाच्या अंगठ्याला ते इंजिन कुठे आहे हे अंधारातही ठाऊक होतं.

"हेड तडकलेलं?"

"ठणठणीत."

टोपीवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या गाडीचं हेड तडकलं होतं. आवाज खाली आणून त्यांनी आकडा सांगितला, मास्तरांनी हवामानाबद्दल काहीतरी म्हटलं, आकडा वाढला. पुढच्या शनिवारी ते व्हॅन घेऊन आले. इंजिन घेतलं, ओव्हरड्राइव्हसकट गिअरबॉक्स घेतला, दोन कार्ब्युरेटर जुन्या टॉवेलात गुंडाळले. मास्तरीणबाई एवढ्या प्रसन्न मी कधी पाहिल्या नव्हत्या; त्यांनी केक कापला. व्हॅनचं दार लावता लावता टोपीवाल्यांचं लक्ष उघड्या बोनेटकडे गेलं. "आणि तो क्लचचा मास्टर सिलिंडर? मूळचा दिसतोय. तुम्हाला आता काय करायचाय तो?"

"तो मिळणार नाही," मास्तर म्हणाले. "मूळचं काहीतरी असू द्या की गाडीत."